वरचं बटण

गुरुवार, २० ऑक्टोबर १९८८

सगळ्यांत आधी तो जाड्या आला. दार उघडते तर दारभर नुसता माणूसच! टोपी हातात, मान खाली. मला वाटलं गॅसवाला. म्हटलं, मीटर तळघरात आहे, इथं काय शोधतोस? तर म्हणतो, "आशीर्वाद, आई." म्हटलं, देव भलं करो, पण तू कुणाचा? तो मागं वळून जिन्याकडं बघायला लागला. जिन्यातनं दुसरा आला, सोन्याच्या दाताचा. त्याच्यामागनं तिसरा, चष्मेवाला, काखेत वही. तिघांच्या सदऱ्यांची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. अगदी वरचंसुद्धा! माझ्या स्वयंपाकघरात वाफेचे पाइप तापून भट्टी झालेली, तरी!

तेव्हा कळलं. आपले कोंबडे! माझ्या पोराची टोळी!

सोन्याच्या दाताचा तो कान्दिदो. मिलवॉकीच्या कोंबड्यांचा म्होरक्या. जाड्या हार्टफर्डचा — दोन दिवस गाडी हाकत आला म्हणे, मला बघायला! चष्मेवाला अब्दिएल इथलाच, शिकागोचा, पण पुलापलीकडचा. कान्दिदोनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "आई," म्हणाला, "अकरा शहरांत तुमचं नाव घेतात. पोरं तुम्हाला देवी समजतात, नि तुम्ही इथं साध्या गाउनमध्ये केळी सोलताय!" म्हटलं, देवीलाही जेवावं लागतं रे मेल्या. असा हसला! दात नुसता चमकला.

तुरीच्या दाण्यांचा भात केला. जाड्यानं तीनदा घेतला. तिसऱ्यांदा कान्दिदो त्याला म्हणाला, "अरे, पातेलं तरी ठेव." मी म्हटलं खाऊ दे, माझा फेर्मिनही असाच खायचा. फेर्मिनचं नाव निघालं तसे तिघंही उभे राहिले. भातावरनं! मला हसूही आलं, रडूही आलं.

मग अब्दिएलनं वही उघडून वाचून दाखवलं. नव्या पोराला कोंबड्यांत घेताना सगळ्यांसमोर हे तोंडपाठ म्हणायला लावतात. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, नि प्रत्येक चुकीला एक गुद्दा. "एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात, एर्मेलिंदा आईच्या तळघरात..." माझं नाव, वहीबाई! दुसऱ्याच ओळीत! आणि पुढं ते आलं — "त्या संध्याकाळी आईनं स्वतःच्या हातानं फेर्मिनच्या स्वेटरची बटणं लावली, खालपासून वरपर्यंत" — तसा तिघांचा हात गळ्याशी गेला, वरच्या बटणाला. अकराही शहरांत असंच करतात म्हणे. म्हणूनच ते बटण सदा लावलेलं.

माझ्या हातावरनं! शाळेत मी दोन इयत्ता गेले. चर्चमधल्या रविवारच्या वर्गात सिस्टरनं अक्षरं गिरवून घेतली तेव्हा साठीला आले होते. आणि पोरं माझी गोष्ट पाठ करतात.

जीभ थांबेना माझी. सगळं सांगितलं. वरच्या मजल्यावर प्रोवी राहते, साउलची आई, हेही सांगितलं. कान्दिदो म्हणाला, "त्याच साउलची? इथं? अजून?" म्हटलं, जाणार कुठं म्हातारी! नातू येतो दर रविवारी, पाव घेऊन. बेकरीत कामाला आहे.

जाड्यानं चमचा खाली ठेवला. पोट भरलं असेल.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

आज खरी गोष्ट लिहून ठेवते. अब्दिएलच्या वहीत निम्मी चुकलेली आहे.

एकोणसाठ साली फेर्मिन तेरा वर्षांचा. समुद्रातल्या आमच्या बेटावरनं आम्हाला इथं येऊन नऊ हिवाळे झाले होते. पोरं तळ्यावर पोहायला गेली. पुलापलीकडच्या गोऱ्या पोरांनी सायकलच्या साखळ्यांनी मारलं. हे काळे पाण्यात उतरले की पाणी घाण होतं म्हणे! फेर्मिन घरी आला तो कान लोंबत. एलादिओनं — माझ्या नवऱ्यानं — साध्या सुईनं शिवला. पोरगं हूं की चूं करेना.

एलादिओ या बिल्डिंगचा बॉयलर सांभाळायचा, म्हणून तळघराची किल्ली आमच्याकडं. पोरं तिथं जमायला लागली. पाचांची सात, सातांची चौदा. एकट्यानं कुणी पुलाकडं जायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. नाव फेर्मिननं ठेवलं. एलादिओ बेटावर झुंजीचे कोंबडे पाळायचा, त्याच्या गोष्टी ऐकून ऐकून. शनिवारी नाच ठेवायचे. मी हिरव्या केळ्याचे गोळे तळून खाली पाठवायची. साउलसुद्धा यायचा की नाचायला, वरच्या मजल्यावरचा! काम दोन गल्ल्या पलीकडं करायचा म्हणून तिथल्या टोळीत, विंचवांत गेला, एवढंच. विंचूही आपलेच, बेटावरचे. त्यांचा हिरवा स्वेटर.

आमच्या पोरांचे स्वेटर मी विणले. चौदा! अंग काळं, बाह्या पिवळ्या, छातीवर पिवळा कोंबडा. एका हिवाळ्यात. बोटांची पार लाकडं झाली.

आणि मग भांडणात दुसऱ्याचा स्वेटर हिसकावून आणायची टूम निघाली. तीही मजाच होती. हिसकावलेला स्वेटर तळघरात उलटा टांगायचे, पुढच्या शनिवारी धुऊन परत द्यायचे. धुवायची कोण? मी!

सहासष्टच्या नोव्हेंबरात फेर्मिन रेल्वेच्या पुलाखाली सापडला. सुरा पाठीत. अंगात नुसता सदरा. स्वेटर नाही.

पोलिसांनी अज्ञात इसम असं लिहिलं. पण पोरांना अज्ञात काय? गोऱ्यांना स्वेटरची काय किंमत, ते पाकीट नेतील, घड्याळ नेतील. ती दोन्ही जागेवर होती. स्वेटर नेला म्हणजे आपल्यातलाच. विंचूच. आणि फेर्मिनचं नुकतंच कुणाशी वाजलं होतं? साउलशी, एका मुलीवरनं.

पोरं मला विचारायला आली. सकाळी, मी अशी भिंतीला टेकून बसलेली. "आई, जाताना स्वेटर अंगात होता?" मी म्हटलं, होता. माझ्या हातानं बटणं लावली, खालपासून वरपर्यंत.

वहीबाई, तुला म्हणून सांगते. माझी दाराकडं पाठ होती. तेल तापलं होतं, गोळे करपत होते. तो गेला तेव्हा दाराचा आवाज आला, तेवढाच. पण आईला काय बघावं लागतं? बाहेर बर्फ होता, स्वेटर घातल्याशिवाय कोण जाईल! त्या पोरांपुढं काय सांगायचं होतं, की पोरगं गेलं नि मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही? एकदा सांगितलं, मग शंभरदा सांगितलं. आता मला ती बटणं दिसतात. मोजता येतात. सहा होती.

चौथ्या दिवशी साउल या बिल्डिंगच्या दारातच पडला. आपल्या आठ जणांनी मारला.

त्या दिवशी मी नारळाचा भात केला. हो, केला. वेलची घालून, दरवाजा उघडा टाकून, वर वास जावा म्हणून.

शनिवार, २२ ऑक्टोबर

जाड्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सोमवार, २४ ऑक्टोबर

पुन्हा आले! केक घेऊन. वर माझं नाव, साखरेनं काढलेलं. कापवेना मला.

गुरुवारी सांगायचं राहिलं ते आज त्यांनी सांगितलं — बाकीच्या शहरांत कोंबडे कसे गेले ते. साउल पडल्यावर विंचवांनी आपली दोन मारली, आपल्यांनी त्यांची तीन. नाच बंद. तळघरात पिस्तुलं आली. मग आया घाबरल्या. कुणी पोराला मिलवॉकीला मामाकडं धाडलं, कुणी हार्टफर्डला आत्याकडं, कुणी फ्लोरिडाला. वाचावीत म्हणून! आणि पोरांनी तिथं जाऊन काय केलं? दुधात विरजण पडावं तसं. वर्षाच्या आत तिथं कोंबडे. जे तुरुंगात गेले त्यांनी तुरुंगात काढले. कान्दिदो म्हणाला, "माझा आतेभाऊ तुमच्या चौदांतला, आई. एक पिशवी नि ती गोष्ट, एवढंच घेऊन आला होता. मी दहा वर्षांचा. मला गुद्दे घालून घालून पाठ करून घेतली."

मी म्हटलं, लागलं असेल रे. तर म्हणतो, "बटणापर्यंत आलो की मारणं थांबायचं. म्हणून ती ओळ सगळ्यांत आवडते."

मग तो गंभीर झाला. ऑगस्टमध्ये त्याच्या धाकट्या भावाला मिलवॉकीच्या विंचवांनी मारलं. एकोणीस वर्षांचा. त्याच्या बदल्यात रस्त्यावरचा कुठलाही विंचू चालणार नाही. मुळाशी जायचं, म्हणाला. साउलच्या रक्ताचं कोण उरलंय?

मी म्हटलं, विल्फ्रेदो? अरे, तो कुठला विंचू! बेकरीत पीठ मळतो. बाप गेला तेव्हा तो पाच महिन्यांचा होता.

"म्हणून तर तो," कान्दिदो म्हणाला. "विंचू रोज मरतात, कुणी लक्षात ठेवत नाही. साउलचा मुलगा त्याच दारात पडला तर अकरा शहरांना कळेल." एवढ्या मायेनं बोलत होता! माझा हात हातात घेऊन. "रविवारी पाव घेऊन किती वाजता येतो, आई?"

मी म्हटलं, साडेअकरा. अकरा-साडेअकरा.

सांगून मोकळी झाले नि मग ऐकलं मी काय सांगितलं ते.

"मग आम्ही रविवारी येतो. अकराला. तुम्ही चर्चमध्ये मिसाला जा, आई. घरी थांबू नका." जाताना म्हणाला, फेर्मिनची एखादी वस्तू द्या, मिलवॉकीच्या खोलीत काचेत ठेवतो. काहीही. कंगवासुद्धा चालेल.

तिघांनी आशीर्वाद मागितला. दिला.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

मला काय त्याचं? माझा गेला तेव्हा कोण आलं होतं विचारायला? प्रोवीला निदान नातू मिळाला बावीस वर्षं. मला काय मिळालं? फेर्मिनचं लग्न झालं असतं तर माझेही नातू असते पाव आणायला.

आणि कोंबडे मला विसरले नाहीत. सख्ख्या भाच्या फोन करत नाहीत, तो माणूस हार्टफर्डहून येतो!

केक कापला. चांगला होता. वर प्रोवीला द्यावा असं एकदा मनात आलं. नाही दिला.

बुधवार, २६ ऑक्टोबर

वस्तू शोधत होते. कंगवा सापडेना. बूट मी मागंच चर्चला दिलेले. मग एलादिओची पेटी आठवली, बॉयलरच्या हत्यारांची. तो जाऊन दोन वर्षं झाली, मी कधी उघडली नाही. पाने नि तारा, मला काय करायच्या? कुलपाची किल्ली नव्हती. खलबत्त्यातला बत्ता आणला नि घातले घाव. अंगात अजून जोर आहे हो माझ्या!

वर पाने. खाली फडकी. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

पिवळी बाही आधी दिसली.

स्वेटर. फेर्मिनचा. धुवट, घडी घातलेला, रक्ताचा डाग नाही, भोक नाही. वर्तमानपत्र त्याच तारखेचं. तिसरं बटण दोऱ्यावर लोंबतंय. तेच बटण! त्या दिवशी दुपारी फेर्मिन म्हणाला होता, आई, हे शिवून दे ना. मी म्हटलं होतं, तळण झाल्यावर देते.

खाली फरशीवर बसले ती उठलेच नाही. आणि ऐकू यायला लागलं, वहीबाई. बावीस वर्षं ऐकू आलं नव्हतं ते. तेल चुरचुरत होतं नि पलीकडच्या खोलीत फेर्मिन ओरडत होता, "बाबा, माझा स्वेटर कुठाय?" आणि एलादिओ, "शोध." "बाबा, मस्करी नका करू, ते वाट बघतायत." "स्वेटर नाही तर जाऊ नकोस. बस घरात." आणि मग दाराचा आवाज.

त्यानं लपवला. पोरगं बाहेर पडू नये म्हणून. आणि पोरगं नुसत्या सदऱ्यावर गेलं.

पोरं मला विचारायला आली तेव्हा एलादिओ खिडकीपाशीच होता. मी "माझ्या हातानं बटणं लावली" म्हटलं तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. किती वेळ! मला वाटलं दुःखानं. मग फरशीकडं बघितलं. मग बॉयलरकडं खाली गेला. सांगायला चार दिवस होते त्याच्याकडं. नाही बोलला. बायकोला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं? की पोराला थंडीत सदऱ्यावर घालवला म्हणायचं? आणि चार दिवस झाल्यावर बोलून उपयोग काय!

वीस वर्षं प्रोवीचे नळ फुकट दुरुस्त केले मेल्यानं. तिची पिशवी तीन मजले वर न्यायचा. तिच्या खिडकीवरचा बर्फ आधी, आमच्या नंतर. मी टोमणे मारायची — जा ना, तिच्याशीच लग्न लाव! तो म्हणायचा, "एर्मे, गप." एवढंच.

साउलनं स्वेटर नेला नव्हता. कुणीच नेला नव्हता.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

विचार केला. बोलले तर काय होईल? अकरा शहरांतली वरची बटणं सुटतील. माझं नाव वहीतनं जाईल. की वहीत राहील, पण कसं? आणि ते जे मेले, दोन्हीकडचे — मी मोजले नाहीत कधी — ते सगळे कशासाठी? कान्दिदोचा भाऊ कशासाठी? आणि साउल तर काही परत येत नाही.

स्वेटर उसवला की लोकरच राहते. स्वेटर राहत नाही. कुणाला कळणार!

उजव्या बाहीपासून सुरुवात केली. सर्रकन निघते हो, माझी वीण तशीच आहे, एक टोक सापडलं की झालं. पिवळ्या लोकरीची गुंडी झाली, संत्र्याएवढी. मग हात दुखायला लागले. बाकी उद्या.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

नाही उसवला. पाऊस होता, हात आखडले.

शनिवार, २९ ऑक्टोबर

प्रोवी आली होती. स्वेटर मी उशीखाली ढकलला, पण गुंडी टेबलावरच राहिली. तिची नजर तिथंच! "अगं, काय सुरेख लोकर! असला पिवळा आता मिळत नाही. इरिसला डिसेंबरात होईल. टोपडं विणायला घेतलंय, लोकर संपली बघ."

इरिस म्हणजे विल्फ्रेदोची बायको.

म्हटलं, घे. मला काय करायची.

ती बसली. कॉफी गाळून दिली. फडकं जुनं झालंय, गाळ उतरतो. प्रोवी म्हणाली, "तुझी कॉफी म्हणजे चावून प्यायची." मी म्हटलं, तुला दात आहेत कुठं? हसलो दोघी. मग ती गुंडी हातात फिरवत राहिली. फिरवत राहिली. म्हणाली, "एर्मे, एक सांगू? रागावू नकोस. फेर्मिनचा महिना लागतोय मंगळवारपासून. मी दर वर्षी दोन मेणबत्त्या लावते. एक माझ्याची, एक तुझ्याची."

मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"साउलनं त्या चार दिवसांत मला तीनदा शपथ घातली. मारियामाउलीची. आई, मी नाही. स्वेटर मी बघितलासुद्धा नाही. आणि मी काय म्हटलं माहितीय? म्हटलं, त्याच्या आईनं स्वतः बटणं लावलीत. आई असल्या गोष्टीत खोटं बोलेल? जा, देऊन ये त्यांचा स्वेटर, माफी माग. तो म्हणाला, माझ्याकडं नाही तर देऊ काय? मी त्याला बाहेर काढला, एर्मे. मीच. आतनं कडी घातली. दार वाजवत होता. म्हटलं, स्वेटर दिल्याशिवाय ये म्हणू नकोस."

तिनं कॉफी संपवली. कप स्वतः विसळला.

"तुझं चुकलं असं म्हणत नाही मी. तू बघितलंस ते सांगितलंस. माझं पोरगं मरताना मला खोटारडं वाटत होतं, एवढंच माझं दुखणं. अजून ठरवता येत नाही. खरं बोलत होता का गं तो? तुला काय वाटतं?"

मी काय म्हटलं, लिहायला हवं. मी म्हटलं — उद्या विल्फ्रेदोला गोड पाव आणायला सांग, माझ्यासाठी एक.

ती म्हणाली, "सांगितलाय आधीच." लोकर घेऊन वर गेली. दोनदा थांबली जिन्यात. गुडघे.

रविवार, ३० ऑक्टोबर. सकाळ

हिवाळ्यासाठी इथं आज घड्याळ तासभर मागं करायचं असतं. एलादिओ करायचा. आज मी केलं. तेवढा जास्तीचा तास मिळाला, त्यात तिसरं बटण शिवून टाकलं.

विल्फ्रेदोला आज येऊ नको म्हणून सांगता येईल. पण पुढच्या रविवारी?

स्वेटर अंगात चढवलाय. उजवी बाही नाही, ती टोपड्यात गेली. पोटावर आवळतो. आरशात बघून हसायला आलं, एका पंखाची कोंबडी! बटणं लावली. खालपासून वरपर्यंत, सहाच्या सहा, माझ्या हातानं, डोळ्यांनी बघून. वरचंसुद्धा.

मिसाला जात नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची खाली नेते नि बिल्डिंगच्या दारात बसते, साउल पडला तिथं. प्रोवीला हाक मारून खाली बोलावते, आधी तिला सांगते. मग त्यांना.

कान्दिदो रविवारी अकराला येतो म्हणाला होता.